उशिरा बोलणारी झाडं

दसरा उलटला, घरोघरी दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो. गच्ची झाडताना कुणाचं तरी लक्ष कोपऱ्यातल्या ट्रेकडे जातं आणि पलीकडून दरवर्षीचं वाक्य येतं, "ताई, आमचा जुनिपर अचानक वाळला हो." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो. झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत विटकरी झालेलं. मी विचारते, गणपतीत कसं होतं? "एकदम हिरवंगार!" ते खोटं बोलत नसतात. झाड हिरवंच होतं, पण त्याची मुळं श्रावणातच गेली होती.

पुण्यात लोकांचे बोन्साय सांभाळणं हा माझा धंदा. कोथरूड, सहकारनगर, औंध, बाणेर इथल्या गच्च्या, काही बंगले, एका हॉटेलची लॉबी (तिथे झाड ठेवू नका, हे सांगून मी दमले). या झाडांत वड, उंबर, पिंपळ, बोगनवेल, चिंच यांचा भरणा. कोनिफर त्या मानाने थोडे. जुनिपर, मोरपंखी, गोल्डन सायप्रस, पोडोकार्पस, आणि फारच हौशी मंडळींकडे चीड किंवा जपानी ब्लॅक पाईन. पण तक्रारींची वही उघडली तर निम्मी पानं याच झाडांनी भरलेली. वडाचं काही बिनसलं तर तो चार दिवसांत पानं पिवळी करून टाकतो, लगेच कळतं. कोनिफरची पानं म्हणजे सुया नाहीतर खवले. त्यांवर मेणचट थर, पाणी उडून जायचा वेग अगदी कमी. खाली मुळं कुजली तरी वरचा हिरवा रंग कित्येक आठवडे टिकतो. रोग दिसला की औषध आणायचं, हा वडाला चालणारा क्रम इथे कामाचा नाही. डोळ्यांना दिसतं ते शिळं असतं. ताजी बातमी कुठे मिळते ते हुडकत बसणं, यातच माझा बहुतेक वेळ जातो.

पहिली बातमी देतो तो ट्रेमधला ओलावा. पावसाने उघडीप दिली की धडधाकट जुनिपरची माती दोन दिवसांत फिकी पडते, कारण झाड पाणी पीत असतं. शेजारच्या सगळ्या ट्रेंची माती फिकी पडली आणि एकाचीच काळपट राहिली, तर त्या झाडाचं पिणं थांबलंय असं समजायचं. पालवी त्या वेळी दृष्ट लागावी इतकी सुंदर असते. मी झाड ट्रेमधून अलगद काढते, कडेचं एक मूळ चिमटीत धरते आणि हलकं ओढते. चांगलं मूळ ताण घेतं. कुजलेल्या मुळाची साल सुटून बोटांत येते आणि मागे केसाएवढी शीर लोंबत राहते. बोटांना आंबूस वास येतो. मालकाला ही केसाएवढी शीर दाखवली की तो पहिल्यांदा पालवीवरून नजर काढून खाली बघतो.

हे करणारे नेहमीचे दोघे, पिथियम आणि फायटोप्थोरा. कोकणातल्या सुपारीच्या कोळेरोगामागेही फायटोप्थोराच असतो. बाजारात या दोघांना सरसकट बुरशी म्हणतात आणि गिऱ्हाईक कृषी सेवा केंद्रातून कार्बेन्डाझिमची पुडी घेऊन येतं. पण हे दोघे खऱ्या अर्थाने बुरशी नव्हेत. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांची सोयरीक तपकिरी शैवालांशी लावतात, आणि कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल-ॲल्युमिनियम लागतं, तेही मुळं शिल्लक असतील तरच. त्यांचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात पोहतात, ही गोष्ट मात्र मी प्रत्येक मालकाला सांगते. साचलेलं पाणी हा त्यांचा रस्ता आहे. तोच बंद केला तर पुडीची वेळ येत नाही.

पुण्यात वर्षाला पाऊस पडतो साधारण 700 मिलिमीटर, म्हणजे महाबळेश्वराच्या मानाने शिंतोडेच. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि त्यातही रिपरिप जास्त. म्हणून माझा खरा हंगाम मे महिन्यात असतो. उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांतून जुनिपर येतो तो पिशवीतल्या चिकट मातीसकट. ती माती लागवडीला ठीक, दोन इंच खोल ट्रेमध्ये ती पावसाळाभर चिखल होऊन बसते. मी थंडीत टप्प्याटप्प्याने ती काढते आणि विटांचे चाळलेले तुकडे, जाड रेती, थोडं पानखत अशा मिश्रणावर झाडाला आणते. धूळ चाळून टाकायचीच, नाहीतर तीच खाली बसून भोकं बुजवते. कोकोपीटबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही: कोनिफरच्या ट्रेमध्ये ते नको. हलकं आहे, स्वच्छ आहे, दुकानात विटेसारखं बांधून मिळतं, सगळं खरं. पण आपल्या पावसाळ्यात ते वाळतच नाही.

मृगाच्या आधी प्रत्येक ट्रेच्या भोकात तार घालून बघते. खालच्या बशा काढून टाकते; या बशा काकूंना फार प्रिय असतात, फरशीवर डाग पडत नाहीत म्हणून. उन्हाळ्यात बांधलेलं हिरवं शेडनेट उतरवते, कारण ढगाळ दिवसांत आहे तेवढं ऊन झाडाला मिळू दे. मातीवर वाढवलेलं शेवाळ प्रदर्शनात छान दिसतं, पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं. तेही खरवडून काढते. झड लागली की ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवायचा. ट्रे कलला की त्यातली पाण्याची उंची वाढते आणि साचलेलं पाणी खालच्या भोकातून निघून जातं. जपानी बागवान हे पिढ्यानपिढ्या करतात. आमचे माळीकाका कुणाचं न वाचता तेच करत होते.

याच वेळी झाडाच्या पोटातला कचरा काढायचा. जुनिपरच्या गादीसारख्या फांद्यांच्या आत ऊन पोचत नाही, तिथे तपकिरी खवले साठतात, त्यांत पाणी राहतं. चिमटा घेऊन बसलं की एका मध्यम झाडाला अर्धा दिवस जातो. पाईनच्या जुन्या सुया शरद ऋतूत उपटून आत वारा खेळता करायची जपानी रीत आहे. तिथे ती मुख्यतः जोर सारखा वाटला जावा म्हणून करतात, पण रोगाच्या दृष्टीनेही ती सोन्यासारखी. गळलेल्या सुया मात्र ट्रेमध्ये राहू द्यायच्या नाहीत. पुढच्या लागणीचं बी त्यांच्यावरच असतं.

सुयांचे रोग तर उशिरा बोलण्यात मुळांच्याही वर. डोथिस्ट्रोमा नावाची बुरशी ओल्या हवेत सुईत शिरते आणि काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहते. मग सुईवर तांबडे आडवे पट्टे उठतात. पट्ट्याच्या पुढचं टोक मरतं, बुडखा हिरवाच. लोफोडर्मियमची तर लागण एका पावसाळ्यात आणि सुया पिवळ्या पडणार पुढच्या वसंतात. न्यूझीलंडमध्ये रेडिएटा पाईनची जंगलंच्या जंगलं डोथिस्ट्रोमाने उघडी पडायला लागली तेव्हा 1960च्या दशकात तिथे विमानातून तांबेयुक्त औषध फवारायला सुरुवात झाली. तांबं रोग बरा करत नाही. बीजाणू सुईवर पडायच्या आधी ते तिथे असावं लागतं, एवढाच त्याचा उपयोग, आणि एवढाच तो पुरेसा आहे.

तांबं म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षबागायतदारांनी वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडला होता. 1882 साली मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की तेवढ्याच वेलींवर केवडा नाही. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे मिश्रण करायला शिकवावं लागत नाही, गच्चीवरच्या माणसाला शिकवावं लागतं. एक टक्क्याचं करायचं तर एका लिटरला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम कळीचा चुना. मी ट्रेमधल्या झाडांना निम्म्या ताकदीचं वापरते. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत निम्म्या-निम्म्या पाण्यात विरघळवायचं, चुन्याची निवळी फडक्याने गाळायची आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतायचं. आकाशी रंग येतो. मग एक घासलेला लोखंडी खिळा त्यात बुडवून धरायचा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर चढला असेल तर मोरचूद मोकळं आहे, पालवी भाजेल; आणखी चुना घाला, पुन्हा खिळा बुडवा. खिळा कोरा निघाला की फवारा. आणि त्याच दिवशी संपवा, शिळं बोर्डो कामाचं नाही. पहिल्या पावसाच्या आधी एकदा, मग उघडीप मिळेल तशी आणखी. ट्रेच्या कडांवर निळे डाग पडतात, त्यावरून मी बोलणी खाते.

इथे जपानी पुस्तकांबद्दल सांगायला हवं. त्यांत थंडीत झाड निजलेलं असताना चुना-गंधकाचं पाणी फवारायला सांगितलेलं असतं, आणि ते तिथे उत्तमच. 1923च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय बागवान चांगलं पाणी, माती आणि हवा शोधत ज्या ओमियाला जाऊन वसले, तिथे डिसेंबर-जानेवारीत रात्री गोठतात. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी पारा 30 अंशांजवळ असतो आणि जुनिपर खुशाल वाढत असतो. कॅलेंडर तसंच्या तसं उचललं तर पालवी भाजते. गंधकाची कोणतीही फवारणी 32-35 अंशांच्या वर नको आणि तेलाच्या फवारणीच्या मागेपुढे दोन-तीन आठवडे नको. निळसर झाक असलेल्या कोनिफरवर तेल मुळीच नको, ती झाक म्हणजे मेणच असतं, तेलाने धुऊन जातं. चुना-गंधक मी फक्त जुनिपरच्या मेलेल्या, सोललेल्या लाकडाला ब्रशने लावते. लाकूड टिकतं, पांढरं होतं. सोसायटीत सडक्या अंड्यांचा वास सुटतो आणि खालच्या मजल्यावरून विचारणा होते.

उन्हाळ्याचा शत्रू वेगळा. फेब्रुवारी संपता संपता जुनिपरचा रंग किंचित धुरकट, मळका दिसायला लागला की मालक म्हणतात, धूळ बसलीय. कधीकधी खरंच धूळ असते, बांधकामं कुठे थांबलीत पुण्यात? पण मी पिशवीतून पांढरा कागद काढते, फांदीखाली धरते आणि फांदीवर दोन टिचक्या मारते. कागदावर बारीक कण पडतात. मग गप्प बसून बघायचं. थोड्या वेळात त्यांतले काही कण चालायला लागतात. हा लाल कोळी. किडा नव्हे, आठ पायांचा. रस शोषतो म्हणून पालवी धुरकट पडते. रेंगाळत चालणारे बहुधा झाड खाणारे, कागदावर तुरूतुरू पळणारे बहुधा त्यांना खाणारे. या दुसऱ्या जातीचे चांगले संख्येने दिसले तर मी कागद झटकते आणि काहीच करत नाही. मालकाला हे पचायला जड जातं. भेटीचे पैसे घेतले आणि फवारलं काहीच नाही!

ऊन तापलं की कोळ्याची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत पुरी होते. त्याला कोरडी, तापलेली, वारा नसलेली भिंतीकडेची जागा आवडते. गच्चीवर तीच जागा बोन्सायला दिलेली असते. उपाय पाण्याचा. सकाळी लवकर, पाईपच्या तोंडावर बोट दाबून, फांद्यांच्या खालच्या बाजूने जोरात धुवायचं, एक दिवसाआड. पाणीकपातीत हे सांगायला मला संकोच वाटतो, पण धुणं थांबलेल्या गच्चीवर कोळी येतोच. त्याउपर लागलंच तर पाण्यात मिसळणारं गंधक, तेही मार्च उजाडायच्या आत. कीटकनाशकाने कोळी मरत नाही हे तर सोडाच, सायपरमेथ्रिनसारख्या औषधांनी त्याला खाणारे मरतात आणि तो बेफाम वाढतो. इमिडाक्लोप्रिडनेही कोळ्याचा उपद्रव वाढल्याचे अनुभव जगभर नोंदलेले आहेत. एप्रिलमध्ये कोळ्याने वेढलेला जुनिपर दिसला की मी पहिला प्रश्न विचारते, जानेवारीत काय मारलं होतं? बहुतेकदा उत्तर असतं, मावा पडला होता म्हणून झाकणभर अमुक. हे झाकणभर प्रकरण फार भयंकर आहे. बाटलीवरचा हिशेब एकराचा नाहीतर 15 लिटरच्या पंपाचा, आणि गच्चीवर हातात असतो एक लिटरचा फवारा. शेजारी पाण्याची टाकी, दोरीवर नातवंडांचे कपडे.

मुंग्या ही दुसरी फुकटची बातमी. ट्रेच्या कडेवरून बुंध्याकडे मुंग्यांची रांग लागली, तर वर कुणीतरी गोड चिकटा टाकतंय: मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण. पोडोकार्पसच्या कोवळ्या शेंड्यांवर निळसर-राखाडी मावा येतो, तो तर लांबून पालवीचाच रंग वाटतो. पिठ्या ढेकणाला मी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशने एकेक टिपते. पण टिपण्याआधी भिंग. कारण त्या कापसाळ पांढऱ्या पुंजक्यांत एखादा बराच मोठा, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचा, भरभर चालणारा असतो. तो असतो क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी. 1898 मध्ये हा ढालकिडा ऑस्ट्रेलियाहून भारतात आणला गेला, कॉफीवरच्या किडीसाठी. आता तो पिठ्या ढेकणाचा आपला उत्तम शिकारी आहे. अळी दिसते मात्र हुबेहूब भक्ष्यासारखी, म्हणून सगळ्यात आधी तीच चिरडली जाते.

मातीखालचा पांढरा रंगही असाच फसवा. पाईन ट्रेमधून काढला की मुळांभोवती पांढरी जाळी दिसते आणि मालक घाबरून म्हणतात, बघा, बुरशी! बुरशीच आहे, पण मुळांशी भागीदारी केलेली. ती पाईनला पाणी नि स्फुरद मिळवून देते, पाईन तिला साखर देतो. तिचा वास ताज्या अळंबीसारखा येतो, धागे मातीत सगळीकडे पसरलेले असतात. माती बदलताना मी त्यातली मूठभर नव्या मिश्रणात मुद्दाम घालते. मुळांवर सुटे सुटे मेणचट गोळे असतील, दाबल्यावर चिकट ओल बोटाला लागली, तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण, आणि तेव्हा मुळं धुवावीच लागतात.

बाहेरून आलेलं झाड मी इतरांपासून लांब ठेवायला लावते, किमान तीन-चार आठवडे, पावसाळ्यात जास्त. लोकांना हा अतिरेक वाटतो. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेला यामाकी घराण्याचा व्हाइट पाईन, जो 1625 पासून कुंडीत आहे, तो जपानने अमेरिकेला भेट दिलेल्या 53 बोन्सायांत होता. ही झाडं 1975 मध्ये पोचली आणि आधी विलगीकरणात गेली. समारंभ झाला तो 1976 मध्ये. राष्ट्राने राष्ट्राला दिलेल्या भेटीलाही सूट नव्हती. आपल्याकडेही 2003च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशी झाड मातीसकट आणता येत नाही. नियम जाचक वाटतो, तेव्हा मी जपानातल्याच पाईनची गोष्ट सांगते. 1905च्या सुमारास नागासाकीत पाईन मरायला लागले. दोष भुंग्यांना दिला गेला. भुंग्याच्या अंगावरून येणारा, उत्तर अमेरिकेतून आलेला सूत्रकृमी हा खरा मारेकरी, हे 1971 मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. तोवर डोंगरच्या डोंगर तांबडे झाले होते.

गंमत म्हणजे काही रोगांत कोनिफर स्वतः जगतो आणि शेजाऱ्याला मारतो. सफरचंदाचा तांबेरा अर्धं आयुष्य रेड सीडर या अमेरिकी जुनिपरवर काढतो. लागण होऊन गाठीला नारिंगी शिंगं फुटायला दोनेक वर्षं लागतात. व्हर्जिनियात सफरचंदाच्या बागा वाचवायला लोकांच्या दारातले रेड सीडर तोडायचा हुकूम निघाला आणि 1928 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मोरपंखीवरून शेजाऱ्यांशी वाद घालणाऱ्या आमच्या सोसायट्यांना हे कुणी सांगू नये.

एका निवृत्त डॉक्टर काकांकडे व्हाइट पाईन होता. त्यांनी मला विचारलं, काय मारू म्हणजे हा टिकेल? मी म्हटलं, काका, हा पुण्यात नको. त्याला हिवाळ्यात निजायला थंडी नाही. झाड अशक्त राहणार, आणि अशक्त झाडाला कुठलीतरी कीड लागणारच, दर वर्षी वेगळी. त्यांना राग आला. तोच जीव चिडावर लावा, मोरपंखीवर लावा, असं मी सुचवलं. मोरपंखी म्हणजे आपल्याकडे कुंपणाचं, शाळेच्या पटांगणातलं झाड. तिला बोन्साय म्हणून मान नाही. पण जुनं खोड मिळालं आणि नीट घडवलं तर ती एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या प्रदर्शनात मांडण्याजोगी होते, आणि पुण्याचा पावसाळा तिला झेपतो. काकांनी चीड घेतला. व्हाइट पाईन त्यांनी महाबळेश्वरच्या एका मित्राला दिला. तिथल्या पावसाचा आकडा मी त्यांना सांगितला, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

धंद्याची अडचण अशी की ऑक्टोबरात वाळलेल्या झाडासाठी लोक मागाल ते पैसे द्यायला तयार असतात आणि तेव्हा माझ्याकडे विकण्यासारखं काही नसतं. मे महिन्यात झाडं हिरवीगार, मी येऊन फक्त बशा काढणार, भोकांत तार घालणार, कचरा टिपणार. याचे पैसे कशाचे, असं तोंडावर विचारतात. म्हणून आता मी सुटी भेट देत नाही, वर्षाचा ठराव करते. त्यात मेची भेट सक्तीची, आणि तिचे पैसे गुढीपाडव्यालाच घेते.